बुजलेली विहीर

विहीर सापडली, असा निरोप मच्छिंद्रने मोबाईलवर पाठवला तेव्हा मी धनकवडीतल्या एका लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला बसले होते. डावा हात टेबलावर, दंडाला रबरी पट्टा, उजव्या हातात मोबाईल. निरोपाच्या खाली फोटो होता. तांबूस मुरमाचा खड्डा, त्याच्या कडेने गोल मांडलेले दगड, आणि एका कोपऱ्यात जेसीबीचा दात. सुई कधी टोचली ते मला कळलंच नाही. पट्टा सोडताना त्या मुलीने विचारलं, चक्कर येतेय का? नाही म्हणाले. चक्कर येत नव्हती. पण जी विहीर तिथे कधी नव्हतीच, जी मी नऊ वर्षांची असताना एका साहेबासमोर एका शब्दात उभी केली आणि त्याच शब्दात बुजवूनही टाकली, ती चोपन्न वर्षांनी सापडते म्हणजे काय, हे मला उमगेना. कापसाचा बोळा कोपराच्या खळीत दाबून मी तिथेच बराच वेळ बसून राहिले. शेवटी त्या मुलीने पुढचा नंबर पुकारला.

घरी येऊन चहा टाकला आणि भावाला फोन लावला. मच्छिंद्र माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. मिरजगावच्या अलीकडे, नगर–सोलापूर रस्त्यावर, एका जुन्या फिरंगी प्रवाशाच्या आठवणीचा कोरीव दगड आहे, त्याच्याशेजारी त्याचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, भजी, मिसळ, चहा आणि बाहेर चार खाटा. पण पाटीवर 'हॉटेल हेल्डर' असं लिहिलेलं आहे आणि खाली लांब नाकाच्या फिरंग्याचं चित्रसुद्धा आहे, डोक्यावर टोपी, हातात चहाचा कप. हा हेल्डर कोण ते चित्र काढणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि मच्छिंद्रलाही बेताचंच माहीत आहे. फोनवर तो घाईत होता. रस्ता रुंद होतोय, दगड हलवायचा आहे. ऑफिसातल्या जुन्या फायलीत दगडाची जागा सहाशे मीटर पुढे लिहिलीय, म्हणून इंजिनिअर बाई दगड तिकडे न्यायचा म्हणत होत्या. तेवढ्यात परवा जेसीबीला हे दगडांचं कडं लागलं आणि बाईंनी काम थांबवलं. आता दगडावर लिहिलेली विहीर ती हीच, असं जुन्या माणसाने लिहून दिलं की दगड इथेच, नव्या रस्त्याच्या कडेला बसणार. जुनं माणूस आता एकच उरलं होतं. ''तू इतिहासाची मास्तरीन. तुझं कोन खोटं म्हननार हाय, आक्का? एवढं एक कर,'' तो म्हणाला. मी उद्या येते म्हणाले.

माझं नाव कडूबाई. माझ्याआधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून तिसरीला देवाने नेऊ नये यासाठी आईने हे नाव ठेवलं, आणि देवानेही तोंड वाकडं करून मला टाळलं असावं. पुण्यातल्या शाळेत चौतीस वर्षं या नावाने मुलांची फार करमणूक झाली. मीही त्यांना गोड वागून निराश केलं नाही. पेपरात कुणी मनाने काही घुसडलं की मी समासात लाल शाईने विचारायची, पुरावा काय? गुण तर द्यायचीच नाही. ही सवय इतकी हाडात मुरलेली की स्वयंपाकघरात दूध उतू गेलं तरी आधी साक्षीदार शोधायची. आणि त्या चौतीस वर्षांत दर वर्षी एकदा तरी, फळ्याकडे पाठ करून बोलत असताना, अचानक तो शब्द आतून वर यायचा: बुजली. जिल्ह्याच्या माहितीपुस्तिकेत छापून आलंय ते, 'सदर विहीर कालांतराने बुजली.' कशाच्या आधारावर, तर एका मैलकुल्याच्या पोरीच्या. दुसरा कुठलाही आधार जगात नाही. मी स्वतः समासात लाल शाईने लिहिलं असतं, आणि लिहिणार कुणाला, तर मलाच.

सकाळी शिवाजीनगरहून गाडी धरली. पाटीवर अहिल्यानगर होतं, कंडक्टर नगर, नगर ओरडत होता, आणि मी अर्धं तिकीट काढून खिडकीशी बसले. नगरला गाडी बदलून सोलापूर रस्त्याला लागलं की माझं लक्ष आपोआप बाहेर जातं, झाडांच्या बुंध्यांकडे. आता झाडंच नाहीत. दोन्ही बाजूंनी सपाट करून टाकलंय. पण माझ्या डोळ्यांना अजून तो जुना रस्ता दिसतो, एकच गाडी जाईल एवढा डांबराचा पट्टा, दोन्हीकडे मुरमाच्या बाजू, कडुलिंब आणि चिंचा, आणि प्रत्येक बुंध्याला खाली गेरूचा आणि वर चुन्याचा पट्टा. ते पट्टे अण्णांचे. माझे वडील छगन नाथा मैलकुली होते, म्हणजे रस्त्याचे ठरावीक मैल सांभाळणारे सरकारी मजूर. त्यांच्या वाट्याला साडेतीन मैल आले होते. किलोमीटरचे दगड लागून बरीच वर्षं झाली होती, पण अण्णांचे मैल मैलच राहिले. त्या साडेतीन मैलांत कुठे खड्डा पडला तर आधी खडी, मग मुरूम, मग पाणी मारायचं आणि धुमुसाने ठोकायचं, पुन्हा मुरूम, पुन्हा ठोकायचं. इतर मैलकुली एकदाच भरून वरून पाय दाबायचे. अण्णा तीन थर द्यायचे. खड्डा बुजवला की दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन त्यावर टाच आपटून बघायचे. कडेचे दगड लावताना प्रत्येक दगड जरा बाहेरच्या अंगाला कलता बसवायचे, म्हणजे गाडीचं चाक चढलं तरी दगड आत ढासळत नाही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्या रस्त्यावरून जाताना मला डोळे मिटून सांगता यायचं की अण्णांचा मैल संपला आणि भागवतचा सुरू झाला, कारण तिथून एसटी हादरायला लागायची.

भागवत म्हणजे शेजारच्या मैलांचा मैलकुली, आणि दगडाची सगळी गोष्ट त्याच्या आळसातून जन्माला आली. मी आठ वर्षांची असेन. थंडीत एक ट्रक आमच्या चौकीसमोर उभा राहिला आणि त्यातून एक मोठा घडवलेला दगड उतरला, त्यावर कोरलेली अक्षरं होती. चौकी म्हणजे रस्त्याकाठी सरकारी दोन खोल्या, तिथेच आम्ही राहायचो. ड्रायव्हर म्हणाला, हा दगड पुढे विहिरीपाशी रोवायचा आहे, पण पुढे मोरीचं काम निघालंय, ट्रक जात नाही. तुम्ही बैलगाडीतून न्या. ती विहीर भागवतच्या मैलात होती. अण्णा दोनदा त्याच्याकडे गेले. भागवतने साफ सांगितलं, माझ्या मैलात आधीच नऊ दगड आहेत, वर्षातून दोनदा रंगवायचे, दहावा मी अंगावर घेणार नाही. मैलकुल्यांत ही रीतच होती, ज्याच्या मैलात दगड त्याने चुना मारायचा, आणि त्याला साहेबसुद्धा बदलू शकत नसे. दगड महिनाभर चौकीसमोर आडवा पडून राहिला. कोंबड्या त्यावर चढायच्या. शेवटी एक दिवस अण्णांनी लिंबाखाली खड्डा खणला आणि तो आपल्याच मैलात उभा केला. एकच दगड जास्तीचा, मारू त्याला चुना, असं म्हणाले. आईने कुंकू लावलं. मला मात्र कुणाला काही सांगू नको म्हणून बजावलं.

मला तो दगड म्हणजे दिवाळी होती. शाळा दोन मैलांवर, तिथेही मी महिन्यातून निम्मे दिवस जायची. आमच्या रस्त्यावर वाचण्यासारखं काय, तर नगर इतके किलोमीटर आणि सोलापूर तितके. आणि इथे दारात अख्खी वाक्यं उभी राहिली. या स्थळी इ.स. १६३८ च्या उन्हाळ्यात यान हेल्डर या डच प्रवाशाने मुक्काम केला. येथील विहिरीवर एका स्त्रीने त्यास व त्याच्या बैलांस पाणी दिले व मोबदला घेतला नाही, असे त्याने आपल्या रोजनिशीत लिहिले आहे. मी ते इतक्यांदा वाचलं की झोपेतही म्हणायची. रोजनिशी म्हणजे काय ते कळत नव्हतं. मला वाटायचं ती एखादी पाटीसारखी वस्तू असेल, बैलगाडीला बांधलेली. आणि ती बाई. तिचं नाव दगडावर नव्हतं. हेल्डरचं होतं, साल होतं, बैलसुद्धा होते. मी आईला विचारलं होतं, बाईचं नाव काय असेल. आई भाकरी थापत म्हणाली, पाणी देताना कोण नाव सांगत बसतं?

मग पुढच्या साली जिल्ह्याच्या ऑफिसातला एक साहेब दगड बघायला आला. जीपमधून उतरला, पांढरी पॅन्ट, काळा चष्मा, हातात वही. दगड बघून त्याला आनंद झाला. अण्णा हात जोडून उभे. मी पुढे होऊन न विचारताच सगळं धडाधड वाचून दाखवलं, रोजनिशीसकट. साहेबाने चष्मा काढला. मैलकुल्याची पोरगी असं वाचते, म्हणून त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मग हसत इकडेतिकडे बघत विचारलं, आणि विहीर कुठाय ती? अण्णांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ते काही बोलू शकले नसते. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, ओठ हलायचे आणि आवाज यायचा नाही. आतून आई बघत होती. मी म्हणाले, बुजली. कधी, साहेबाने विचारलं. लई दिवस झाले, मी म्हणाले. साहेबाने वहीत लिहून घेतलं. त्याने मला नगरच्या वसतिगृहासाठी चिठ्ठी दिली आणि जाताना अण्णांना सांगितलं की पुढच्या खेपेला विहिरीचा काठ तेवढा मोकळा करून ठेवा, बघायचा आहे. जूनमध्ये मी नगरला गेले. शाळा, कॉलेज, बी.एड., पुणे, नवरा, मुलगा, फ्लॅट, पेन्शन, हे जे काही माझं म्हणून आहे ते सगळं त्या चिठ्ठीपासून सुरू झालं, आणि चिठ्ठी त्या शब्दापासून. साहेब परत कधी आला नाही, एवढं नंतर कानावर आलं.

सुट्टीत घरी यायची तेव्हा या गोष्टीबद्दल कुणी बोलायचं नाही. दगड बघायला अधूनमधून माणसं थांबायची, आई त्यांना रांजणातलं पाणी द्यायची, कुणी नाणं पुढे केलं तर हात मागे घ्यायची. विहीर कुठाय असं विचारलं की म्हणायची, बुजली. मला ते ऐकवायचं नाही. आई साधी बाई. एकादशी मोडली तर दोन दिवस खंत करणारी. तिच्या तोंडी मी माझं खोटं घातलं आणि ती ते जन्मभर वाढत राहिली, पाण्याच्या तांब्याबरोबर. एकदा मी शिकवायची त्या पुण्याच्या शाळेची सहल नगरमार्गे तुळजापूरला निघाली होती. कुठल्यातरी उत्साही मास्तराने बस दगडापाशी थांबवली. हे माझं माहेर, असं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईने मला बसमधून उतरताना पाहिलं आणि ओळखलंच नाही असं दाखवलं, कारण मी तिच्याकडे बघितलं नव्हतं. मास्तरांनी दगड वाचला, विहीर विचारली. आई म्हणाली, बुजली, आणि लिंबाच्या पलीकडे बोट दाखवलं: हितं हुती. तेव्हा मला वाटलं, आई आता हातवारेसुद्धा करायला लागली. सगळ्यांबरोबर मीही पाणी प्यायले आणि तांब्या तिच्या हातात परत दिला. त्या दिवसाची लाज मला विहिरीपेक्षा जास्त आहे. आईला जाऊन अकरा वर्षं झाली, अण्णांना वीस.

मिरजगावच्या अलीकडे मी उतरले तेव्हा दुपारचं ऊन होतं. मच्छिंद्र रस्त्यापर्यंत आला, पिशवी घेतली, वाकून नमस्कार केला. शेडचा पुढचा भाग आधीच पाडलेला होता, फिरंग्याची पाटी मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली. चहा झाला. भावाने पुन्हा सगळं सांगितलं. फोनवरची घाई नव्हती, पण डोळे माझ्या तोंडावर होते. मागच्या बाजूला नवी शेड घालायला जागा आहे. दगड इथे राहिला तर गाड्या थांबतील, दगड गेला तर त्या पत्र्यात काय घालायचं? तो खोटं सांगत नव्हता. त्याने आयुष्यभर त्या दगडाच्या सावलीत भजी तळली, आईच्या मागे रांजण भरून ठेवला, आजही तिथे पाण्याचे पैसे घेत नाहीत. मी पुण्याला निघून गेले, तो राहिला. माझ्या आयुष्याची चूक त्याच्या पोटाचा आधार झाली होती, आणि आता तो माझ्याकडे माझीच चूक परत मागत होता.

खड्ड्याकडे जाताना माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. रात्रभर, आणि गाडीतही, मी स्वतःला एकच विचारत होते: विहीर असेल तर? दगड बोलतात, असं मीच मुलांना सांगायची, आणि माणसाची आठवण हा सगळ्यात कच्चा पुरावा. नऊ वर्षांच्या पोरीने कुणाकडून तरी ऐकलं असेल, इथं जुनी विहीर होती म्हणून, आणि साहेबासमोर तेच ओठावर आलं असेल. म्हणजे मी खोटं बोललेच नव्हते. आईसुद्धा नाही. चोपन्न वर्षं मी विनाकारण कुढले. हा विचार आला आणि छाती एकदम हलकी झाली, आणि त्याच क्षणी कसंतरी वाटलं, आपलं काहीतरी कुणी उचलून नेल्यासारखं. खोटं असलं तरी ते माझं होतं. मी त्याच्यासोबत म्हातारी झाले होते.

इंजिनिअर बाई खड्ड्याच्या काठावर छत्री घेऊन उभी होती. निकिता तिचं नाव, पंचविशीची असेल, पायात बूट, डोक्यावर पिवळं हेल्मेट. मला मॅडम म्हणाली आणि पाया पडायला वाकली. बोलता बोलता कळलं की ती पाथर्डीकडची, आई-बाप दर साली ऊस तोडायला जायचे आणि ती वसतिगृहात वाढली. तिच्या वरच्या माणसांना घाई होती, जेसीबी एका दिवसात सगळं सपाट करून मोकळा झाला असता, पण जुनं काही निघालं तर नोंद केल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. तिच्या मते ती विहीर नसून एखादं उथळ कुंड असावं, जनावरांना पाणी पाजायचं. दगडावर बैलांचा उल्लेख आहेच ना, ती म्हणाली. पोरगी हुशार होती. फक्त जेसीबीवाला कुरकुरत होता: एवढा कडक भराव त्याने कुठल्या बुजलेल्या विहिरीत पाहिला नव्हता, दात मारला की उडून येतो.

मी चप्पल काढून खड्ड्यात उतरले. मच्छिंद्रने हात दिला. कडं दहा-अकरा फुटांचं, निम्मं उकरलेलं. मी खाली बसले आणि भरावाच्या उभ्या कापाकडे पाहिलं. खाली खडी. वर मुरूम, चार बोटं. मग पुन्हा मुरूम, दुसऱ्या रंगाचा, मधे एक पातळ कडक रेघ, पाणी मारून ठोकल्यावर येते तशी. मग तिसरा थर. विहीर बुजते तेव्हा तिच्यात काटे पडतात, केरकचरा पडतो, फुटकी मडकी पडतात, एखादी मेलेली शेळी पडते. विहीर कुणी थरांनी भरत नाही. मी हात खाली नेला. गुडघाभर खोलीवर भराव संपत होता आणि खाली कोरी जमीन होती, कधीच न हललेली. मग मी कडेच्या दगडांकडे पाहिलं. प्रत्येक दगड बाहेरच्या अंगाला जरा कलता. मी एका दगडावरची माती अंगठ्याने पुसली. आतल्या बाजूला, जी बाजू मातीत गाडली जाणार होती, जी कुणाला कधी दिसणार नव्हती, तिथेही चुना मारलेला होता.

मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि दोन्ही एकदमच चालू राहिलं. बुजवायच्या विहिरीला आतून चुना मारणारा माणूस जगात एकच. त्यांच्या मैलातला दगड बिनचुन्याचा राहिलेला त्यांना चालणार नव्हता, मग तो गाडायचा का असेना. साहेब म्हणाला होता, काठ मोकळा करून ठेवा. साहेब आला आणि काठ नसला तर पोरगी खोटी ठरेल, खोटी ठरली तर वसतिगृहातून परत येईल. म्हणून, ज्यांना खोटं बोलता येत नव्हतं त्यांनी ते हातांनी केलं. मी नगरला त्या ओळी घोकत होते, रोजनिशी शब्दाचा अर्थ शिकत होते, तेव्हा इकडे ते एक विहीर बांधत होते आणि लगेच बुजवत होते, सगळ्या रस्त्यावर सर्वांत नीट भरलेला खड्डा. मग वरून माती ओढली, आणि साहेब आलाच नाही. मला कधी बोलले नाहीत. आईने बोट दाखवलं होतं, हितं हुती, आणि मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं नाही.

निकिता वर उभी राहून विचारत होती, मॅडम, बरं वाटत नाहीये का. मी वर आले. तिने फॉर्म पुढे केला. जुन्या रहिवाशाचं म्हणणं, स्थळाची ओळख, सही. तिने पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. मच्छिंद्र माझ्या शेजारी उभा होता. इतकं सोपं कधीच नव्हतं. पुरावा जमिनीत होता, साक्षीदार मी होते, छापील आधार पुस्तिकेत होता. एक सही आणि कडं हेल्डरच्या नावावर जमा झालं असतं. त्याच्या मुक्कामाची विहीर, त्याच्या बैलांचं पाणी, वर छोटी बाग, कदाचित इंग्रजीत दुसरी पाटी. आणि ज्यांनी हे घमेल्या-घमेल्याने भरलं ते अण्णा कुठेच राहिले नसते. माझ्याकडे त्यांचा एक धड फोटो नाही. चौकी कधीच पडली. झाडं गेली, पट्टे गेले, साडेतीन मैल गेले. त्यांच्या हातचं जगात एवढंच उरलं होतं, आणि ते मी एका डच माणसाला देऊन टाकणार होते. माझ्याने ते होईना. भावाचं नुकसान मला दिसत होतं, अगदी समोर, भिंतीला टेकवलेल्या पाटीसारखं दिसत होतं, आणि तरीही होईना.

मी निकिताला सांगितलं, लिहा. इथे विहीर कधीच नव्हती. फायलीतली जागा बरोबर आहे, विहीर सहाशे मीटर पुढे आहे. विहीर बुजली असं साहेबाला मी सांगितलं, ते खोटं होतं. ती गोंधळून मच्छिंद्रकडे बघायला लागली. मी पुढे सांगत राहिले, थर कसे ओळखायचे, दगड कलते का, चुना आतून का. आवाज वर्गात असायचा तसा लागला होता. बोलताना मी भावाकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर थांबले असते. तिने सगळं लिहून घेतलं, नंतर पेन थांबवून म्हणाली, ''मग हे बांधकाम कुणी केलं, ते नाव लागेल, मॅडम.''

''छगन नाथा,'' मी म्हणाले. ''मैलकुली.''

ती लिहायला लागली. मच्छिंद्र एवढा वेळ खड्ड्यात बघत होता. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, तोंड पुसलं, आणि मला वाटलं आता तो निघून जाईल आणि मग आमचं बोलणं कितीतरी वर्षं होणार नाही. तो गेला नाही. निकिताच्या जवळ जाऊन तिच्या कागदाकडे बघत राहिला, वाचत होता की नुसता बघत होता ते कळेना.

''मी त्या खड्ड्यात बसून असायचो,'' तो म्हणाला. ''पाच वरसाचा हुतो. आन्ना ठोकायचे, पन मुरूम आई वाहायची, पार त्या टेकाडावरनं. मी इचारलं व्हतं, हे काय चाललंय. तर म्हनली, आक्काची शाळा बांधतोय.'' मग निकिताला म्हणाला, ''एकल्याचं नाव नका घालू, म्याडम. साळूबाई छगन. तिचं बी लिवा.''